इंदूर ते तानसेन: निवृत्तीनंतरचे सहा महिने

‘तानसेनला चाललोय’ म्हटलं की इंदुरात सगळ्यांना ग्वाल्हेरची समाधी आठवायची. आमचं तानसेन नेपाळातलं, पाल्पा जिल्ह्यातलं डोंगरी गाव, सुमारे १,३५० मीटर उंचीवरचं. तिथलं मिशनचं रुग्णालय १९५४ पासूनचं. ह्यांची बँक सुटली, माझी शाळा त्याआधीच सुटली होती. गुडघे चालताहेत तोवर सेवेला जाऊन येऊ, असं ठरलं.

लखनौ, गोरखपूर असं रेल्वेनं, पुढे बसनं सोनौली. सीमा पायीच ओलांडतात. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र हवंच. शंभराच्या नोटा न्या; शंभराचे तिकडे १६० होतात. बुटवलच्या पुढे सिद्धबाबाच्या कड्याखाली पावसाळ्यात दरडी कोसळतात. आमची बस तिथं पाच तास अडकली. आषाढ-श्रावणात निघूच नका, दसऱ्यानंतर जा. रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी निघतानाच बजावलं होतं: नेपाळात कुणाचं धर्मांतर करवणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होते आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. हे मनाशी पक्कं करूनच जा. उपासना शनिवारी असते, कारण तिथली सुट्टी शनिवारची. रविवारी सकाळी कामावर जाताना मला कितीतरी आठवडे चुकल्यासारखं वाटत राहिलं.

हे रुग्णालयाच्या भांडाराचे हिशेब बघायचे. मला ठरलेलं काम नव्हतं, ते कुरुवांनी दिलं. कुरुवा म्हणजे रुग्णासोबत राहणारं घरचं माणूस. डोंगरापलीकडून दोन-दोन दिवस चालून आलेल्या बायका, स्वयंपाकही स्वतःच करायच्या. गुल्मीच्या एकीचा नवरा पाय मोडून पडला होता. त्याला सोडून चुलीपाशी जायचं कसं, म्हणून ती आदल्या दिवसापासून उपाशी होती. मी खुणेनंच म्हटलं, तू जा, मी बसते. तासाभरानं ती डाळभात घेऊन आली आणि आधी माझ्यापुढे ताट ठेवलं. ‘खानुस् न, आमा.’ म्हणजे, खा ना, आई. त्या दिवसापासून रोज सकाळी मी वॉर्डात बसायला जाऊ लागले. पाट्या पहिल्या दिवशीच वाचता येतात, लिपी आपलीच; बोलणं कळायला मात्र दोन महिने गेले. निघण्याआधी थोडं नेपाळी शिकून घ्या, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना.

आणखी एक, जोडप्यांसाठी. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही दिवसभर एका खोलीत कधी राहिलोच नव्हतो. पहिल्या महिन्यात बादलीभर गरम पाण्यावरूनही वाद झाले. म्हणून दोघांनी वेगवेगळं काम मागून घ्या. मग आमची संध्याकाळ भरून निघायची: प्रार्थनेआधी हे भांडारातलं सांगायचे, मी वॉर्डातलं, आणि प्रार्थनेत त्या गुल्मीच्या बाईचं नाव ह्यांच्याच तोंडून आधी यायचं.