टिप्यासाठी घर पाहताना

नवरात्र, शनिवार

आमच्या निवाऱ्यातल्या टिप्या या कुत्र्याला दत्तक मागणाऱ्या पर्वरीच्या जोडप्याला आज नकार कळवला. माणसे अतिशय चांगली होती हे आधीच नोंदवून ठेवते, कारण अडचण त्यांच्यात नव्हती, त्यांच्या इमारतीत होती. वरच्या मजल्यावरची सदनिका, एकच लिफ्ट, लिफ्टच्या दारासमोर अरुंद बोळ आणि दिवसभर हेल्मेट न काढता सामान पोचवायला येणारी मुले. टिप्याला नेमकी हेल्मेट घातलेल्या पुरुषांची भीती वाटते. मोकळ्या जागेत असा माणूस दिसला तर तो लांब जाऊन भुंकतो आणि प्रकरण तिथेच संपते. परंतु मागे सरकायला जागाच उरली नाही, तर तो पुढे जातो. लिफ्टमध्ये मागे सरकणार कुठे? "आम्ही त्याला भरपूर प्रेम दिले तरी तो बदलणार नाही का?" असे त्या गृहस्थांनी विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. तो बदलेल, पण रोज चार वेळा त्या लिफ्टने खाली-वर करीत असताना नाही, असे मी सांगितले. त्यांना वाईट वाटले, आणि ते लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

आमच्या निवाऱ्यात सर्वांत जास्त विचारणा टिप्यासाठी होते. त्याचे छायाचित्र फार चांगले येते, हीच पंचाईत आहे. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, एक कान ताठ आणि दुसरा अर्ध्यावर दुमडलेला. छायाचित्र पाहून येणाऱ्याने मनाने त्याला आधीच घरी नेलेले असते, आणि मग आम्ही सांगू ती प्रत्येक गोष्ट त्याला आडकाठी वाटू लागते. म्हणून अलीकडे छायाचित्राच्या खालीच मी स्पष्ट लिहिते: खाताना कोणी जवळ आले तर गुरगुरतो, एकदा चावला आहे, लहान मुलांच्या घरासाठी योग्य नाही. त्यामुळे विचारणा पुष्कळ घटली, पण जी उरली ती निदान वाचून येणाऱ्यांची आहे.

तो चावला त्याची हकीकत अशी. कामावर नव्याने आलेल्या मुलाला टिप्याचे भांडे रिकामे दिसले, आणि टिप्या जवळच उभा असताना त्या मुलाने ते उचलायला हात घातला. टिप्या आधी ताठरला, मग त्याने मान भांड्यावर धरली, डोळ्यांचे पांढरे दिसेल इतकी तिरकी नजर टाकली आणि मगच तोंड मारले. त्या मुलाची जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली, त्याला इंजेक्शने दिली आणि टिप्याला लस दिलेली असूनही नियमाप्रमाणे १० दिवस निगराणीखाली ठेवले. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि त्यामागे वाड्यावाड्यांवर फिरून टोचलेल्या लशींची वर्षे आहेत. तरीही कुत्रा चावल्याचे ऐकताच माणसाच्या मनात पहिला विचार रेबीजचा येतो, आणि तो यायलाच हवा. मात्र त्याच्यापुढचा विचार क्वचितच कोणी करतो: चावण्यापूर्वी त्याने काय काय सांगून पाहिले होते?

त्याचा पूर्वेतिहास आम्हाला तुकड्यांनीच कळला. तो पेडणे तालुक्यातील किनाऱ्यावर, शॅकच्या म्हणजे हंगामी खानावळींच्या आधाराने वाढला. पर्यटनाच्या हंगामात तिथल्या कुत्र्यांना मासळीचे तुकडे, उरलेले पाव, पाहुण्यांच्या हातचे सगळे काही मिळते. कुणी गळ्यात पट्टा बांधतो, कुणी नाव ठेवतो. मे महिना संपता संपता शॅक उतरवले जातात, पाहुणे जातात आणि पावसाळ्याचे चार महिने तोच किनारा ओसाड पडतो. ज्या कुत्र्याला अन्नाची अशी भरती-ओहोटी ठाऊक आहे, त्याने भरलेल्या भांड्यावर विश्वास ठेवावा तरी का? टिप्या आमच्याकडे आला तो एका वाहनाच्या धडकेने मागचा पाय मोडल्यावर, आणि गळ्यात तेव्हा कुणीतरी हौसेने बांधलेला, आता घट्ट झालेला पट्टा होता. पाय जुळला आहे. चिडचिडीमागे दुखणे नाही याची खात्री डॉक्टरांकडून पुन्हा करून घेतली, कारण दुखऱ्या जनावराच्या स्वभावाविषयी बोलण्यात काही अर्थ नसतो.

त्याला कुणीतरी मारले असणार, असे त्याची हेल्मेटची आणि काठीची भीती पाहणारा प्रत्येक जण म्हणतो. मारलेही असेल. परंतु कुत्र्याच्या पिलाने तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहिले, ते त्याला पुढे सहसा ओळखीचे वाटते, आणि जे पाहिलेच नाही ते संशयास्पद वाटते. चड्डीतले पर्यटक टिप्याला बालपणापासून माहीत आहेत. स्कूटरवरचा, चेहरा झाकलेला माणूस बहुधा माहीत नाही. "बिचाऱ्याला किती छळले असेल" असे म्हणणाऱ्यांचा मला अलीकडे थोडा कंटाळा येतो, कारण ही कणव घेऊन येणारा माणूस त्याला पहिल्याच दिवशी कवटाळायला जातो.

कोजागरीच्या आदल्या दिवशी

सत्तरी तालुक्यातले एक भाटकार, म्हणजे जमीनदार, येऊन गेले. मोठे कुळागर आहे, सुपारी, नारळ, केळी, मिरवेल. माकडांनी उच्छाद मांडला आहे आणि रात्री डुकरे येतात. त्यांना राखणीला कुत्रा हवा. टिप्या अनोळखी माणसावर भुंकतो हे वाचून त्यांना आनंदच झाला होता. आमचा दोष त्यांच्या लेखी गुण होता, त्यामुळे क्षणभर मलाही वाटले की हेच घर असावे: गर्दी नाही, लिफ्ट नाही, हेल्मेट नाही, भरपूर मोकळी जागा.

मग साखळीचा विषय निघाला. "बाय, दिवसा तो बांधलेला असेल, रात्री सोडू," असे ते अगदी सहज म्हणाले, आणि त्यांच्या आजोबांपासून ती पद्धत असल्यामुळे त्यात त्यांना काही वावगे दिसण्याचे कारण नव्हते. भित्र्या कुत्र्याला बांधून घातले म्हणजे त्याची पळण्याची वाट आपण काढून घेतो, आणि मग त्याच्याकडे दातांखेरीज काही उरत नाही. गोठ्यात काम करणारी माणसे, सुपारी उतरवायला येणारे मजूर, माडावर चढायला कोयता कमरेला लावून येणारा पाडेली, हे सगळे त्या साखळीच्या टप्प्यातून रोज ये-जा करणार. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदाही आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे, या दोन्ही गोष्टींना छळच मानतो. पण कायद्याची भाषा काढली असती तर ते उठून गेले असते आणि दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याच्या गळ्यात तीच साखळी पडली असती. म्हणून मी बिबट्याची गोष्ट काढली. रानालगतच्या वाड्यांवर बिबट्या कुत्री उचलतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. रात्री मोकळा सोडलेला, एका पायाने किंचित लंगडणारा कुत्रा किती दिवस टिकेल, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. आमच्याकडे दोन धिप्पाड, माणसांत रमणाऱ्या कुत्र्या आहेत, बहिणी असाव्यात. रात्री पडवीत घेण्याच्या अटीवर त्यांचा विचार करतो म्हणाले. करतील असे वाटते.

फोंड्याचे एक कुटुंबही आले होते. घरात दीड वर्षाचे मूल. छायाचित्राखालची ओळ वाचूनही आले होते, याचे नवल वाटते.

धनत्रयोदशी

टिप्यासाठी विचारणा करणाऱ्या, मये गावच्या दोन बहिणी आज पुन्हा आल्या. थोरल्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि अजूनही समोरच्याला वर्गात उभे केल्यासारखे वाटावे अशा आवाजात बोलतात. धाकट्या बाई कमी बोलतात. त्यांचा आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला. टिप्याविषयी त्यांचा पहिला प्रश्न होता, "चावला तेव्हा नेमके काय झाले?" आजवर हा प्रश्न मला कोणी अशा रीतीने विचारला नव्हता. बाकीचे विचारतात की तो पुन्हा चावेल का, आणि त्याचे खरे उत्तर कोणत्याही कुत्र्याविषयी देता येत नाही.

आज धाकट्या बाईंनी त्याच्याकडे न पाहता, कुंपणाला समांतर असे नुसते चालत राहायचे आणि वाटेत उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकीत जायचे, एवढेच करायचे होते. त्यांनी ते इतक्या निवांतपणे केले, की आमच्यातल्या सरावलेल्या माणसांनाही तसे जमत नाही. टिप्याने दोनदा जांभई दिली, नाक चाटले, मान वळवली. ही सगळी अवघडल्याची लक्षणे मी त्यांना दाखवीत होते. मग त्याने अंग झटकले आणि तो त्यांच्या बाजूने चालू लागला. थोरल्या बाईंनी एकदा त्याच्या गुरगुरण्यावर "गप!" असे दटावले, तेव्हा मला बोलावे लागले. गुरगुरणे दाबले की भीती जात नाही, केवळ सूचना जाते, आणि मग तो सूचना न देता चावू लागतो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि "म्हणजे त्याला बोलू द्यायचे," असे म्हणून तो विषय संपवला.

त्यांच्या घरी मी गेल्या आठवड्यात जाऊन आले होते. बलकांव, म्हणजे घरापुढचा बसायचा ओटा, रस्त्यापासून पुरेसा आत आहे, चिऱ्याचे कुंपण छातीएवढे उंच, मागे पडवी आणि पडवीला स्वतंत्र दार. टिप्याचे खाणे तिथे, दार लावून, आणि तो स्वतः बाहेर आल्याशिवाय भांड्याला हात नाही. पुढे कधी तरी, भांड्याजवळून जाताना त्यात अधिक चांगले काही टाकीत जायचे, म्हणजे जवळ येणारा माणूस घेऊन जात नाही, देऊन जातो, हे त्याच्या ध्यानी येईल. खारवलेला सुका बांगडा चालेल का, असे त्यांनी विचारले; मिठामुळे तो नको, ताजा बांगडा उकडून काटे काढून चालेल, असे सांगितले. जाळीचे मुसके आम्ही त्याला हळूहळू सवयीचे केले आहे, कारण डॉक्टरांकडे नेताना ते लागेल. तोंड आवळून बंद करणारे कापडी मुसके मात्र आमच्या दमट हवेत नकोच, कुत्र्याला अंग थंड ठेवायला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत.

नवे घर पाहताना मी एक प्रश्न नेहमी विचारते, आणि तो लोकांना विषयाला सोडून वाटतो: तुमचा गणपती कुठे असतो? गोव्यात चतुर्थीला मूळ घर भरते. मुंबईपासूनचे आप्त, लहान मुले, घुमट हे वाद्य वाजवून आरत्या, अंगणात फटाके. वर्षभर दोन माणसांचे असलेले घर त्या दिवसांत एखाद्या वाड्याएवढे होते, आणि अर्ज भरताना ते कोणाच्याही लक्षात येत नाही. बहिणींचा गणपती थोरल्या भावाकडे, डिचोलीच्या पलीकडे मूळ घरी असतो. म्हणजे टिप्याच्या घरात गर्दी होणार नाही, पण घरच रिकामे होईल. मग त्याच्यापाशी कोण? दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि हा प्रश्न आज तसाच ठेवून आम्ही पोदेराकडे, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याकडे वळलो.

पोदेराचा भोंगा टिप्याला मुळीच सोसत नाही. आमच्याकडे तो आवाज मोबाईलवर अगदी हळू लावायचा आणि त्याच वेळी खाऊ द्यायचा, असा अभ्यास चालू आहे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना घंटेने लाळ सुटत असे, तर आमच्या कुत्र्याला भोंग्याने सुटायला हरकत नाही. आवाज थोडा वाढवला की खाणे थांबते, म्हणजे आपण घाई केली असे समजून पुन्हा खाली यायचे. पण मयेला खरा पोदेर रोज पहाटे आणि संध्याकाळी फाटकापाशी येणार, सायकलसह. थोरल्या बाईंनी त्याला आधीच गाठले होते. भोंगा वाजवला नाही तर वाड्याला कळणार कसे, असे तो म्हणाला. शेवटी ठरले ते असे, की तो वळणावरच वाजवील, यांच्या फाटकापुढून मुकाट्याने जाईल आणि पाव कुंपणाला टांगलेल्या पिशवीत टाकील.

आता न्यायचे कधी, तर दिवाळीच्या आधी नाही. रात्रभर नरकासुराच्या पुतळ्यांपाशी कर्णे वाजणार, पहाटे त्यांचे दहन, मग फटाके. नव्या घरातल्या पहिल्या रात्री त्याला हे ऐकवायचे नाही. तुळशीचे लग्न झाले की न्यावे, असे ठरले.

तुळशीच्या लग्नानंतर

काल सकाळी टिप्याला मयेला पोचवले. कुत्रा रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा आमच्यात सांगितला जातो. तो मी बहिणींना सांगितला आणि तो पंचांग नव्हे हेही सांगितले. पहिले काही दिवस कोणी भेटायला यायचे नाही, नातलगही नाहीत. जमले नाही तर तो आमच्याकडेच परत येईल, परस्पर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, ही अट कागदावर आहे आणि थोरल्या बाईंनी ती मोठ्याने वाचून सही केली.

आज संध्याकाळी धाकट्या बाईंचा फोन आला. रात्री तो झोपला नाही, पडवीतून घरात आला नाही, सकाळी मात्र जेवला. पोदेर वळणावरून वाजवून गेला तेव्हा तो उठून उभा राहिला, भुंकला नाही. मग त्यांनी, मी विचारले नसताना, चतुर्थीचा विषय काढला. दोघींचे बोलणे झाले आहे: पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी थोरली मूळ घरी जाईल, दुसऱ्या दिवशी धाकटी, आणि भावाला काय सांगायचे ते थोरली पाहून घेईल.