तुम्ही विचारलंत म्हणून: चाकणला का गेलो नाही

लग्नात, बारशात, आमच्या बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटच्या गर्दीत, कुठंही भेटलं की विचारणा ठरलेली: "पुण्याजवळच्या चाकणची एवढी चांगली नोकरीची ऑफर का सोडलीत?" जवळचा असला तर पुढं टोमणाही मारतो. वडिलांनी जन्मभर 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून घोषणा दिल्या, एक नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी कधी चुकवली नाही, आणि पोराला महाराष्ट्रात नोकरी मिळाली तर नको म्हणतो!

आजवर "आईवडील आहेत ना इथं" म्हणून सुटका करून घेतली. ते खोटं नाही, पण खरं कारण वेगळं आहे.

इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा इंजिनातला दांडा, आम्ही नुसतं क्रँक म्हणतो) कामात माझी २२ वर्षं गेली. आधी फौंड्री, मग मशीन शॉप, आता क्वालिटी. ऑफर आली ती इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरचे भाग करणाऱ्या कंपनीकडून. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टनच नाही, तिथं क्रँक कशाला लागतोय? ट्रॅक्टर, जनरेटर अजून काही वर्षं डिझेलवर चालतील, तोवर आमचं चालेल. पण त्यानंतरचा विचार रात्री झोप उडवतो. त्यामुळं सुरुवातीला माझं मन जाण्याकडंच होतं. बेळगावचा माणूस कुंद्याची मिठाई सोडून हलत नाही असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय.

आकडा पगाराच्या दीडपट होता. वही घेऊन बसलो. त्या दीडपटीत पाचवा हिस्सा व्हेरिएबल, म्हणजे मिळेलच याची खात्री नसलेला, निघाला. पीएफमधला कंपनीचा वाटा त्यातच, ग्रॅच्युइटीही त्यातच, आणि ती हातात पडायला पाच वर्षं काढायला हवीत. इथं मात्र निघताना जो बेसिक असेल, त्याच्या १५ दिवसांचा पगार दर वर्षामागं मिळतो. म्हणजे बेसिक वाढला की मागच्या बावीसही वर्षांची किंमत वाढते. (मायक्रॉनमध्ये मापं घेणारी आमची माणसं हा हिशेब कधी करत नाहीत.) मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, बायको इथल्या मराठी शाळेत शिकवते. पुण्याचं घरभाडं आणि बायकोचा पगार वजा केल्यावर हातात सव्वापटही उरेना.

तरी गेलो असतो. काम नवं होतं.

शेवटच्या मुलाखतीत मी विचारलं, "या जागेवर आधी कोण होतं?" समोरचे दोघं एकमेकांकडं बघू लागले. दोन वर्षांत तिघं जण सोडून गेले होते. मग कामाबद्दल खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मोटर, डिझाइन यांच्याशी माझा संबंधच येणार नव्हता. पुरवठादारांकडं जायचं, रिजेक्शनवरून भांडायचं, रात्री लाइन थांबली की फोन उचलायचा. हे तर मी इथं करतोच आहे, फक्त टेबलाच्या या बाजूला बसून. नवं शिकायला मिळणार नसेल, तर साडेतीनशे किलोमीटरवर बिऱ्हाड न्यायचं कशासाठी?

वडिलांना सांगायला गेलो तेव्हा ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आम्ही गाव महाराष्ट्रात जाऊ दे म्हणत होतो की. तू एकटाच कुठं निघाला होतास?"

गेल्या महिन्यात आमच्याकडंच एका मोटरच्या शाफ्टचं सँपल मशिनिंगला आलं. क्रँकसारखे थ्रो, म्हणजे मधल्या रेषेपासून बाजूला सरकलेले भाग, नाहीत, सगळं एकाच सेंटरवर, त्यामुळं पोरांना सोपं वाटलं. पण डिझेलचा क्रँक दोन-तीन हजार आरपीएमवर फिरतो, हा दहा हजारांच्या वर. पहिले चार पीस रनआउटमध्ये, म्हणजे फिरताना सेंटर सोडून हलतात म्हणून, बाद गेले. पाचवा अजून माझ्या टेबलावर आहे.