आमची वाटचाल : पिनोटाज आणि सुकं मटण

यांच्या नोकरीपायी 2011 साली आम्ही कोल्हापूर सोडून दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशला आलो. आधी ओळखीच्यांना डबे दिले. 2014 पासून इथल्या द्राक्षमळ्यांवर पाहुण्यांच्या पंगती करतो. वाइन मळ्याची, स्वयंपाक आमचा. मी, हे आणि दोन मदतनीस मुली, एवढाच आमचा व्यवसाय.

पहिलीच पंगत फसली. मी हौसेनं आईच्या कांदा-लसूण चटणीचा तांबडा रस्सा केला. सोबतीला ओकच्या पिंपात मुरवलेली नवी पिनोटाज, म्हणजे इथली लाल वाइन, होती. दोन घास आणि एक घोट झाला, की पाहुणे पाण्याचा ग्लास शोधायचे. वाइन कडू लागली आणि रश्शाची आग दुप्पट झाली. मद्यार्क आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश) तिखटाचा जाळ वाढवतात, हे त्या दिवशी जिभेनंच शिकवलं. रात्री भरलेली पातेली परत आणताना मला रडू आलं.

मग ठरवलं, आधी ही वाइन समजून घ्यायची. पिनोटाज याच गावची लेक आहे. 1925 साली इथल्या विद्यापीठातले प्राध्यापक अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो या दोन द्राक्षांचा संकर केला. पहिलं नाजूक, दुसरं उन्हाला पुरून उरणारं. सँसोला इथे तेव्हा ‘हर्मिटेज’ म्हणत, म्हणून ‘पिनो’ आणि ‘हर्मिटेज’ मिळून पिनोटाज हे नाव जुळलं. हाती आलेल्या चार बिया त्यांनी घरामागच्या बागेत लावल्या आणि पुढे नोकरी बदलून ते गेले. बाग माजली, सफाईला माणसं आली. ती रोपं वाचली ती चार्ली नीहाउस या तरुण प्राध्यापकाला त्यांची माहिती होती म्हणून. बाटलीवर ‘पिनोटाज’ हे नाव यायला 1961 उजाडलं. त्या बागेजवळून जाताना माझी पावलं अजून थबकतात.

वाट दाखवली ती शेजारच्या तान्नींनी. इथे मावशी-काकूला तान्नी म्हणतात. त्यांनी बोबोटी खाऊ घातली : हळद-मसाल्याचा खिमा, त्यात बेदाणे, वर अंड्या-दुधाचा थर आणि तमालपत्र. मसाला भरपूर, तिखट जेमतेम. सोबत पिनोटाजचा घोट घेतला आणि लक्षात आलं, वाइनचं भांडण मसाल्याशी नव्हतंच, मिरचीशी होतं.

घरी आल्यावर चटणीचा डबा बाजूला ठेवला. कांदा सालीसकट थेट जाळावर काळा होईपर्यंत भाजला. सुकं खोबरं मंद आचेवर तांबूस केलं, तीळ-खसखस परतली, रंगापुरती बेडगी घातली. वाटण मटणाला धरून तेल सुटेपर्यंत परतलं. पिनोटाजला पिकल्या आलुबुखाराचा वास असतो आणि मागे किंचित धूर. भाजल्या खोबऱ्याशी तो धूर असा जुळला, की यांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मटणाची चरबी आणि मीठ टॅनिनचा तुरटपणाही मऊ करतात. गूळ मात्र घालायचा नाही, गोडापुढे ही वाइन आंबट पडते.

2020 च्या लॉकडाउनमध्ये सरकारनं दारूविक्री पुन्हा पुन्हा बंद केली. मळे ओस, पंगती शून्य. आम्ही परत डब्यांवर आलो, पण मदतनीस मुलींचा पगार थांबवला नाही. त्याचा मला फार अभिमान आहे.

आता आमच्या पंगतीत सुकं मटण, निखाऱ्यावरचं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी असते. बाटली वाढण्याआधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवतो, कोमट पिनोटाजमध्ये मद्यार्कच पुढे येतो. तांबडा रस्साही करते, पण तो वेगळ्या वाटीत, मागेल त्याला आणि वाइनचा ग्लास त्याच्यापुढून उचलून नेल्यानंतरच.