बूट कोडचा लॉग ईसीमध्ये ठेवला तेव्हा: माझा अनुभव

तक्रार अशी होती की आमचा संगणकाचा बोर्ड अधूनमधून बूट होताना मेमरी इनिशिअलायझेशनपाशी, म्हणजे मेमरी वापरासाठी तयार करण्याच्या टप्प्यावर, अडकतो. डिबग कार्डावर, म्हणजे बूट कुठवर आलं ते दाखवणाऱ्या छोट्या कार्डावर, तोच दोन अंकी कोड दिसत राहायचा, त्यामुळे 'मेमरीत हँग' हे जवळपास ठरूनच गेलं होतं. मला ते पटत नव्हतं. कार्ड शेवटचा कोड दाखवतं. तो कधी आला, त्याआधी काय घडलं, हे त्यावरून कळत नाही.

एक्स८६ मशीनवर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, टप्प्याटप्प्याला आयओ पोर्ट हेक्स ८० या पत्त्यावर एक बाइट लिहितो. कार्डावर दिसतो तो कोड हाच. एम्बेडेड कंट्रोलरला, म्हणजे बोर्डावरच्या ईसी या वेगळ्या छोट्या प्रोसेसरला, तो एलपीसी किंवा ईएसपीआय बसवरून टिपता येतो. शिवाय मुख्य प्रोसेसर रिसेट झाला तरी ईसी चालूच राहतो. म्हणून नोंदी त्याच्याच रॅममध्ये ठेवायच्या ठरवल्या.

ईसीच्या जुन्या फर्मवेअरमध्ये कोड आला की इंटरप्ट हँडलर, म्हणजे हातातलं काम थांबवून लगेच चालणारं फंक्शन, तो थेट सीरियल कन्सोलवर छापायचा. १,१५,२०० बॉडला एका अक्षराला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. वीस अक्षरांची ओळ म्हणजे जवळजवळ पावणेदोन मिलिसेकंद. तेवढ्यात बायोस पुढचे कितीतरी कोड लिहून मोकळा होतो आणि मधले गळतात. लॉगच गळका असेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून आधी हे काढलं. हँडलरचं काम एवढंच: कोड आणि वेळ २५६ नोंदींच्या रिंग बफरमध्ये (भरला की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी लिहिली जाते) टाकायची आणि बाहेर पडायचं. छपाई नंतर, सवडीने, टास्कमधून. पुढची नोंद कुठे जाणार ते सांगणारा हेड काउंटर शून्यावर न आणता वाढत ठेवला आणि बफरमधली जागा त्याच्या खालच्या आठ बिटांवरून काढली. त्यामुळे किती जुन्या नोंदी पुसल्या गेल्या हेही समजतं.

नोंदीतलं मूल्य मुद्दाम १६ बिटांचं ठेवलं. बायोसचा कोड हेक्स ०० ते एफएफ यांतला कुठलाही असू शकतो, तेव्हा ईसीच्या स्वतःच्या खुणांना त्यापलीकडची जागा हवी. प्रोसेसर रिसेट झाला, एक खूण. पॉवर-गुड, म्हणजे वीजपुरवठा ठीक असल्याचा सिग्नल, पडला, दुसरी. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच: कोड आणि घटना एकाच रांगेत, एकाच घड्याळावर.

एक अडचण अनपेक्षित होती. बूट नीट झालं की लॉगच्या शेवटी विचित्र कोड दिसायचे, बायोसच्या यादीत नसलेले. ते लिनक्स कर्नलचे निघाले. जुन्या हार्डवेअरशी बोलताना थोडा विलंब हवा म्हणून कर्नल पोर्ट ८० वर लिहितो, आणि त्या क्षणी रजिस्टरमध्ये जे असेल तेच तिथे जातं. 'आयओ_डिले' हा बूट पर्याय बदलून खात्री केली आणि मग बायोसचा शेवटचा कोड आला की लॉग गोठवायचा, पुढच्या रिसेटला पुन्हा उघडायचा, अशी सोय केली.

वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्रॅम अडकल्यास रिसेट करणाऱ्या टायमरने, खुद्द ईसी रिसेट झाला तरी नोंदी टिकाव्यात म्हणून बफर लिंकर स्क्रिप्टमधून नो-इनिट भागात, म्हणजे सुरुवातीला पुसल्या न जाणाऱ्या रॅममध्ये, हलवला. सुरुवातीलाच मॅजिक नंबर (ओळखीचा ठरलेला आकडा) आणि चेकसम (नोंदींवरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासायचा. जुळला तर जुना लॉग ठेवायचा, नाहीतर साफ करायचा. पॉवर पूर्ण गेल्यावर रॅममध्ये काहीही असू शकतं, त्यामुळे ही तपासणी टाळून चालत नाही.

यानंतर बोर्ड अडकला तेव्हा लॉगने वेगळंच चित्र दाखवलं. मेमरीचा कोड, लगेच पॉवर-गुड पडल्याची खूण, मग रिसेटची, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच कोड. हँग नव्हताच, बोर्ड रिसेटच्या फेऱ्यात फिरत होता. बाकीचे कोड झरझर निघून जात आणि मेमरीचा टप्पा लांब, म्हणून कार्डावर तोच ठाण मांडून बसल्यासारखा दिसे. हार्डवेअरवाल्यांना लॉग दिला. त्यांनी मेमरीच्या पुरवठ्यावर ऑसिलोस्कोप लावून ट्रिगर पॉवर-गुडवर ठेवला, आणि मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे तिच्या सिग्नलची वेळ जुळवणं, सुरू होताच व्होल्टेज खाली बसताना दिसलं.