शोधनिबंधावर कुणाचं नाव, कितव्या जागी?

पेपर लिहून होतो, मग कुणीतरी म्हणतं, चला, आता नावं टाकू. भांडणं लागतात ती इथे. नावांचा विषय काढायची वेळ त्याच्या खूप आधीची असते. माहिती गोळा करायला पहिला माणूस बाहेर पडण्यापूर्वी तो विषय कागदावर आलेला बरा.

सोलापुरात याची गरज जास्त आहे, कारण इथले चांगले विषय एका विभागात मावत नाहीत. यंत्रमागाचा आवाज मोजायला अभियांत्रिकीचा माणूस हवा, त्या आवाजाने कानाचं काय झालं ते बघायला डॉक्टर हवा, आकडेमोडीला संख्याशास्त्राचा प्राध्यापक हवा आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या कामगारांशी बसून बोलायला तेलुगू येणारं कुणीतरी हवं. या चौघांच्या शास्त्रांत 'पहिलं नाव' याचा अर्थ सारखा नाही. आधी बोलणं झालं नाही, तर चौघंही आपापल्या रीतीने बरोबर असतात आणि तरी वाद होतो.

वैद्यकशास्त्रात पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष काम केलं आणि पहिला मसुदा लिहिला त्याचं; शेवटचं नाव मार्गदर्शकाचं. मधली नावं साधारण उतरत्या वाट्याने येतात. रसायनशास्त्रातही जवळपास हेच, आणि नियतकालिकाशी पत्रव्यवहार करायची जबाबदारी बहुतेक वेळा मार्गदर्शकाकडे. शुद्ध गणितात नावं आडनावाच्या रोमन वर्णानुक्रमाने लावतात, त्यामुळे पहिलं असण्याला काही वजन नसतं. अर्थशास्त्रातही ही पद्धत पुष्कळ चालते. मराठी किंवा इतिहासाच्या लेखावर बहुधा एकच नाव असतं आणि मार्गदर्शकाचे आभार तळटीपेत. दुसऱ्या टोकाला कणभौतिकी. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर २०१५ साली आलेल्या निबंधाला ५१५४ लेखक होते. एकूण ३३ पानं, त्यातली २४ पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची यादी.

आता हे एकत्र आणा. गणितवाल्याने सवयीने वर्णानुक्रम लावला आणि त्याचं आडनाव रोमनमध्ये वाय या अक्षराने सुरू होत असेल, तर नाव शेवटी जातं आणि वैद्यकीय नियतकालिकाचा वाचक त्याला प्रकल्पाचा प्रमुख समजणार. म्हणून नावं कोणत्या पद्धतीने लावली आहेत, हे एका ओळीत निबंधातच छापावं. 'लेखकांची नावं वर्णानुक्रमे' एवढं लिहिलं तरी पुरतं.

लेखक कुणाला म्हणायचं, याची सर्वांत जास्त वापरली जाणारी कसोटी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची आहे. तिच्या चार अटी आहेत. कल्पना, आराखडा, माहितीसंकलन किंवा विश्लेषण यांपैकी कशात तरी ठोस वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यातल्या आशयावर विचारपूर्वक दुरुस्त्या करणं. छापायला जाणाऱ्या मजकुराला मंजुरी. आणि कामाच्या कुठल्याही भागावर प्रश्न उठला तर उत्तर देण्याची जबाबदारी. ही चौथी अट २०१३ मध्ये वाढवली. चारही अटी पाळाव्या लागतात. तीन पुऱ्या झाल्या म्हणून चालत नाही. नुसता निधी आणणं, विभागप्रमुख असणं, यंत्र वापरायला देणं, इंग्रजी सुधारून देणं, यांपैकी एवढंच केलं असेल तर ते आभारात जातं.

याच समितीची एक सूचना मात्र फारशी कुणी वाचत नाही. पहिली अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा वाचायची, सुधारायची आणि मंजूर करायची संधी दिलीच पाहिजे. म्हणजे एखाद्या विद्यार्थिनीला मसुदा दाखवायचाच नाही आणि नंतर 'तिने दुसरी अट कुठे पुरी केली?' असं म्हणायचं, हे नियमात बसत नाही. हे वाक्य मार्गदर्शकांनी भिंतीवर लावावं असं आहे, कारण आपल्याकडे नाव गळतं ते बहुतेक वेळा याच वाटेने.

यंत्रमागाचंच उदाहरण जवळून पाहू. समजा, कामगारांच्या ऐकण्यावर अभ्यास करायचा आहे. नमुना किती हे संख्याशास्त्राचा प्राध्यापक ठरवतो. बाधितांचं प्रमाण माहीत नसेल तर ५० टक्के धरायचं, ५ टक्के चूक मान्य करायची आणि ९५ टक्के विश्वासार्हता ठेवायची. आकडा ३८४ च्या आसपास येतो. श्रवणचाचणीआधी कामगार निदान १४ तास आवाजापासून दूर असावा लागतो. नाहीतर कान तात्पुरते बधिरलेले असतात आणि तो दोष आपण कायमचा म्हणून नोंदवतो. म्हणून चाचणी साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी घ्यायची, आणि सुट्टीच्या दिवशी माणसाला घरातून उठवून आणणं हे फोनवर होणारं काम नाही.

मग प्रश्नावली. मराठीत तयार होते, समाजकार्याची विद्यार्थिनी ती तेलुगूत नेते, दुसरी व्यक्ती मूळ न पाहता ती परत मराठीत आणते आणि दोन्ही मराठी प्रती शेजारी ठेवून तपासतात. छापील तेलुगू आणि इथल्या घरात बोलली जाणारी तेलुगू यांत अंतर आहे, त्यामुळे चुका या टप्प्यावर सापडतात. काही मात्र तपासणीतूनही सुटतात. 'कानात आवाज येतो का?' हा प्रश्न घ्या. परत मराठीत आणला तरी तो तसाच दिसेल. पण कामगार म्हणतो, येतो की, दिवसभर येतो. तो मागाच्या खडखडाटाबद्दल बोलतोय आणि आपण कर्णनाद विचारतोय. हा घोळ त्याच्यासमोर बसलेलीच्याच लक्षात येतो. ती प्रश्न बदलते: 'रात्री निजायच्या वेळी, सगळं शांत असताना, कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येते का?' आता मिळणारं उत्तर वेगळं असतं.

हा बदल म्हणजे भाषांतर म्हणायचं की संशोधन? माझं मत स्पष्ट आहे. तिने मोजमापाचं साधनच दुरुस्त केलं. तो बदल झाला नसता तर कर्णनादाचा तक्ता निरुपयोगी ठरला असता. तिला मसुदा द्या, पद्धतीचा भाग तिच्याकडून तपासून घ्या आणि नाव लेखकांत घाला. उलट, तयार प्रश्नावली घेऊन ठरलेल्या मानधनावर फक्त उत्तरं भरून आणणाऱ्याला आभारात जागा द्यावी, पण नावानिशी. 'सर्व क्षेत्रकार्यकर्त्यांचे आभार' या ओळीने कुणाचंच भलं होत नाही. आभारात नाव छापण्याआधी त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यायची, हेही पुष्कळदा विसरलं जातं.

बरीच नियतकालिकं आता प्रत्येक लेखकाचा वाटा ठरावीक १४ भूमिकांत मागतात. या पद्धतीला क्रेडिट म्हणतात. संकल्पना, पद्धती, प्रत्यक्ष तपास, माहितीची जपणूक, विश्लेषण, सॉफ्टवेअर, पर्यवेक्षण, पहिला मसुदा, दुरुस्ती वगैरे. त्यात भाषांतराला स्वतंत्र जागा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांच्या शहरात ही उणीव फार जाणवते. वरच्या उदाहरणातलं काम 'पद्धती' आणि 'प्रत्यक्ष तपास' या दोन्हींत नोंदवावं आणि नेमकं काय केलं ते पद्धतीच्या भागात एका वाक्यात सांगावं.

करार एका पानात बसतो. निबंधाचं तात्पुरतं शीर्षक, प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे त्याचं काम क्रियापदात लिहायचं. 'सहकार्य' असं लिहू नका. '१२० कामगारांची श्रवणचाचणी घेईल' असं लिहा. त्याखाली नावांचा क्रम आणि तो का. पत्रव्यवहार कुणाकडे. मूळ नोंदी कुणाच्या कपाटात राहतील. याच माहितीवर दुसरा निबंध निघाला तर पहिलं नाव कुणाचं. कुणी मध्येच सोडलं तर काय. क्रम पुन्हा कधी तपासायचा, तर दोनदा: संकलन संपल्यावर आणि पहिला मसुदा झाल्यावर. तारीख, सह्या, आणि तोच मजकूर सगळ्यांना मेलने. नैतिकता समितीच्या अर्जाबरोबरच हा कागद केला तर वेगळी बैठकही लागत नाही.

पाहुण्या नावाचा, म्हणजे काम न करता मानाने घातलेल्या नावाचा, दबाव कुठून येतो, हे प्राध्यापकांच्या निवड-बढतीत धरल्या जाणाऱ्या गुणांच्या हिशोबावरून कळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार भाषा आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका निबंधाला १० मूळ गुण, विज्ञान-अभियांत्रिकीत ८. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनांहून जास्त झाले की पहिल्या किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे १० गुणांच्या निबंधात दोघांना ७-७ मिळतात, पण तिसरं नाव घुसलं की दुसऱ्याचे ७ चे ३ होतात. साहेबांचं नाव मानाने घातलं, त्याची किंमत दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसाने ४ गुणांनी मोजली. बैठकीत हा हिशोब फळ्यावर मांडा. चर्चा लवकर सुटते.

पाहुण्या लेखकालाही यात धोका आहे. यूजीसीच्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत (तेही २०१८ चेच) आधी छापलेल्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत किरकोळ मानलं जातं, संदर्भसूची आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं वगळून. ४० ते ६० टक्के साम्य सापडलं तर निबंध मागे घ्यावा लागतो, एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. पूर्वपीठिकेचा भाग कुठून उचलला आहे हे न वाचता नाव दिलेल्याला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय नसते. यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याचं तत्त्वही हेच. एआय साधन उत्तरदायी राहू शकत नाही, म्हणून ते लेखक होत नाही. वापरलं असेल तर कशासाठी वापरलं ते निबंधात सांगायचं.

शेतीच्या प्रयोगांत अडचण वेगळी असते, बदलीची. कोरडवाहू ज्वारीचा किंवा डाळिंबाचा प्रयोग तीन-तीन हंगाम चालतो. आराखडा एकाने केला, दोन वर्षांच्या नोंदी दुसऱ्याने घेतल्या आणि तिसरा अधिकारी शेवटच्या वर्षी रुजू झाला. निबंध तिसऱ्याच्या टेबलावर लिहिला जातो आणि आधीच्या दोघांची नावं गळतात. यावर उपाय नोंदवहीतच करायचा. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या पानावर त्या हंगामाची जबाबदारी कुणाची ते लिहून सही करायची आणि बदली होताना वही हस्तांतरित केल्याची नोंद ठेवायची. लेखकाची संस्था म्हणून काम जिथे झालं ती द्यायची. आताचा पत्ता तळटीपेत.

इतिहास-पुरातत्त्वात एकच नाव छापायची रीत पक्की आहे, पण तिथेही काम एकट्याचं नसतं. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख अभ्यासकांना सुपरिचित आहे. अशा लेखाचा ठसा घ्यायचा तर दगड ब्रशने साफ करून ओला करायचा, त्यावर ओला कागद पसरून ब्रशने ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवायचा आणि कागद अर्धवट वाळला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. फार ओल्यावर शाई दिली तर ती पसरते आणि अक्षरं भरून जातात. कागद कमी ठोकला तर काना कुठला आणि दगडाची चीर कुठली हे ओळखू येत नाही. वाचनाचा अर्धा भरवसा या हातावर असतो. निबंधावर नाव एकाचं राहू दे, पण ठसा कुणी, कधी घेतला हे प्रत्येक छायाचित्राखाली छापायला जागा लागतेच किती?

आता नावाच्या स्पेलिंगबद्दल. कुलकर्णी रोमनमध्ये शेवटी आय लावून एकदा आणि डबल ई लावून एकदा लिहिलं, तर शोधयंत्र दोन माणसं समजतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव, वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी एका अक्षरात, घराण्याचं नाव पुढे की मागे, या सगळ्यात निबंध विखुरतात. त्यासाठी ऑर्किड क्रमांक काढायचा. तो १६ अंकी असतो (शेवटचं चिन्ह कधी कधी एक्स असतं), फुकट मिळतो आणि नाव बदललं तरी बदलत नाही. पहिला निबंध पाठवण्याआधी काढून रोमन स्पेलिंग एकच ठरवा. नोंदणी स्वतःच्या मेलवरून करा. कॉलेजने दिलेला मेल पदवीनंतर बंद होऊ शकतो.

शेवटचा टप्पा मुद्रितशोधनाचा. अनेक नियतकालिकं त्यासाठी ४८ तासच देतात, आणि सगळे तक्त्यांतले दशांश तपासत बसतात. आधी नावांची ओळ बघा: क्रम, स्पेलिंग, संस्था, ऑर्किड, पत्रव्यवहाराचा मेल. छापून आल्यावर नाव वाढवायचं किंवा काढायचं तर सगळ्या लेखकांच्या लेखी संमत्या लागतात, ज्याचं नाव काढायचं त्याचीसुद्धा, आणि दुरुस्ती वेगळी छापली जाते. मुद्रित फक्त पत्रव्यवहाराच्या लेखकाकडे येतं. ते आल्या दिवशीच सगळ्यांना पाठवा, तेलुगू प्रश्नावली करणाऱ्या त्या मुलीलाही. ती एव्हाना पुण्या-हैदराबादला नोकरीला लागलेली असेल, म्हणून मेल टाकून थांबू नका, फोन करा.