रोहूचा कटऑफ, स्टर्जनचा जिनोम

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस. मासा कधी हाताला लागत नाही. हार्डडिस्कवर त्याच्या डीएनएचे तुकडे येतात आणि ते जोडून आम्ही जिनोम, म्हणजे त्याचा अख्खा डीएनए, उभा करतो. जुलैतल्या त्या शुक्रवारी स्टर्लेटची असेंब्ली, म्हणजे असा जोडलेला जिनोम, पाठवायची होती. स्टर्लेट म्हणजे स्टर्जनांतला लहानखुरा मासा, डॅन्यूब-व्होल्गाकडचा.

फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. जिनोम १८० कोटी अक्षरांच्या आसपास हवा, आमच्याकडे १२५ कोटीच.

स्टर्लेटची गुणसूत्रं साधारण १२०, त्यातली बरीचशी इतकी बारकी की सूक्ष्मदर्शकाखाली नुसते ठिपके. रशियन स्टर्जनमध्ये आकडा २५० च्या घरात. या माशांच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वी अख्खा जिनोम दुप्पट झाला, रशियन स्टर्जनच्या वाटेवर नंतर पुन्हा एकदा. त्यात स्टर्जनचे जीन्स फार सावकाश बदलतात, म्हणून त्या जुन्या प्रती कित्येक ठिकाणी अजून एकमेकींसारख्या दिसतात.

नेमकं इथेच आमचं सॉफ्टवेअर फसलं. आईकडची आणि वडिलांकडची, अशी एकाच जागेची प्रत दोनदा जोडली गेली तर एक काढायची, हे त्याचं काम. ओळखायचं डेप्थवरून, म्हणजे एकेक जागा किती रीड्समध्ये (वाचलेल्या तुकड्यांत) आली त्यावरून: दोन प्रती वेगळ्या पडल्या की रीड्स त्यांच्यात वाटले जातात, डेप्थ निम्मी होते. पण स्क्रिप्टमधला कटऑफ, म्हणजे 'निम्मी' कशाला म्हणायचं ती सीमा, रोहूच्या कामातून तसाच उचललेला. रोहूची डेप्थ ८० होती, स्टर्लेटची ४०. म्हणजे स्टर्लेटचा प्रत्येक तुकडा 'निम्मा' ठरला, आणि ज्याला त्याच्यासारखाच दुसरा तुकडा, जोडीदार, सापडला तो उडाला. रोहूत असे जोडीदार थोडे, तिथे फारसं बिघडलं नसतं. डेप्थचा हिस्टोग्राम, म्हणजे आलेख, काढून बघायला पाच मिनिटं लागतात. ती कोणी दिली नाहीत, मीही नाही.

सर म्हणाले, "अगं, रिपीट्स असतील. मास्क कर आणि पाठव, क्लायंट जीन्सच बघतो." रिपीट्स म्हणजे जिनोममध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी; मास्क करणं म्हणजे त्या झाकून टाकणं. रिपीट्स म्हणजे कचरा ही समजूत आमच्या धंद्यात अजून मुरलेली आहे, आणि मला तिचा राग येतो. मास्क काढून मी एक उडालेला तुकडा आणि त्याचा जोडीदार शेजारी लावले. जीन जवळपास अक्षर न् अक्षर सारखा. पण मधल्या भागात एकात ट्रान्सपोझॉन (जागा बदलत फिरणारा डीएनएचा तुकडा) घुसून बसलेला, दुसऱ्यात ती जागा मोकळी; थोडं पुढे नेमकं उलटं. डेप्थ दोन्हीकडे ४०. एकाच जागेच्या प्रती असत्या तर २०-२० निघाली असती. या दोन वेगळ्या जागा होत्या. आपसातली देवाणघेवाण थांबल्यापासून दोघींनी आपापला पसारा जमवला होता, आणि मास्क करून आम्ही तोच झाकणार होतो.

एका चिमुकल्या तुकड्याची डेप्थ तर हजारोंत गेली. सॅटेलाइट डीएनए: तीच ओळ पुन्हा पुन्हा, असेंब्लीने सगळ्यांची घडी घालून एकच ठेवलेली. ती घडी मला उलगडता आली नाही. तसं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं.

कटऑफ नव्याने बसवून रन लावला. शनिवारी पहाटे आकडा आला, १७७ कोटी. घणसोली स्टेशनला जायला शेअर रिक्षा मिळेपर्यंत चिंब भिजले, तरी बरं वाटत होतं.

घरी आल्यावर महसीर आठवला. मागच्या वर्षी त्याचं काम याच स्क्रिप्टवर झालं. रोहूची गुणसूत्रं ५०, महसीरची १००. हाही दुपटीतून आलेला मासा, आपल्या सह्याद्रीच्या नद्यांतला. वही काढून पाहिली. डेप्थ ४५. आमच्याकडचा कच्चा डेटा सहा महिन्यांनी पुसला जातो.

सोमवारी महसीरचं काम देणाऱ्या संशोधक मॅडमना फोन लावला. "मूळ रीड्स आहेत का हो तुमच्याकडे?"

"आहेत की. का, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"पेपर गेलाय आमचा," त्या म्हणाल्या.