तीन बीप

पेजमेकर या संगणकावर पानं लावायच्या प्रोग्रॅमवर हात बसलेल्या जुन्या डीटीपीवाल्यांना एक युक्ती ठाऊक असायची. फाईल उघडते, पण अमुक पानावर गेलं की प्रोग्रॅम मान टाकतो, असं झालं की काहीही सिलेक्ट न करता कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरायचं, टाईप मेनूतल्या हायफनेशनवर क्लिक करायचं आणि कान टवकारून बसायचं. एक बीप आला तर फाईल ठणठणीत. दोन आले तर दुखणं सापडलं आणि बरंही झालं. तीन आले तर दुखणं सापडलंय, पण इलाज नाही.

मला हा रोखठोकपणा फार आवडतो. हल्लीचे प्रोग्रॅम कोसळताना आधी दिलगिरी व्यक्त करतात, मग कंपनीला अहवाल पाठवू का विचारतात. बिघडलं काय, ते मात्र गुलदस्त्यातच.

पेजमेकर १९८५चा, आल्डस कंपनीचा. कंपनीला नाव होतं व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियस या जुन्या मुद्रकाचं. पुढे १९९४मध्ये ती अडोबीने घेतली आणि २००१च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकर थांबला. म्हणजे तिकडे थांबला. आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि दिवाळी अंक त्यावरच लागत राहिले. जुन्या फाईली, जुने मराठी फॉन्ट आणि बोटांची सवय, तिन्ही सोडून जायचं कुठे?

त्यामुळे तंत्रही पिढीजात झालं. 'सेव्ह' नको, 'सेव्ह अ‍ॅज' कर, हा पहिला धडा. त्याला कारण आहे: नुसत्या सेव्हमध्ये जुना कचरा फाईलमध्येच राहून ती फुगत जाते, सेव्ह अ‍ॅजमध्ये ती नव्याने लिहिली जाते. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनवर काम करणारे आज फाईल आयडीएमएल या दुसऱ्या स्वरूपात काढून पुन्हा उघडतात, तीही धुलाईच.

एवढ्यानेही भागलं नाही, तर उरते शोधमोहीम. समजा १६० पानांचा अंक आहे. फाईलची नक्कल करायची, तिच्यातली निम्मी पानं उडवायची. तरी कोसळते? मग आरोपी उरलेल्या निम्म्यात. पुन्हा निम्मी उडवायची. सात-आठ फेऱ्यांत एका पानापर्यंत पोचता येतं. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात वसुबारस जवळ आलेली असते, छापखान्याचा फोन वाजत असतो आणि संपादक खुर्चीमागे उभे असतात.

अशाच एका रात्री मी प्रुफं घेऊन तिथे बसलो होतो. ऑपरेटर ताई शांतपणे पानं उडवत होत्या. संपादकांनी विचारलं, "ताई, जाहिरातींची पानं शाबूत आहेत ना?" कथा-कवितांची चौकशी नाही. मला जरा लागलं, कारण त्यात माझाही लेख होता.

शेवटी आरोपी जाहिरातीतच निघाला: एका पतपेढीचा लोगो, कुठूनतरी कॉपी करून चिकटवलेला. तो काढला, फाईल सुतासारखी सरळ.

"मग काढून टाकू?" ताई म्हणाल्या.

"छे! पैसे आलेत त्यांचे." संपादकांनी पाकीट चाचपलं, पतपेढीच्या मॅनेजरचं व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि स्कॅनरवर ठेवलं.